सोळा नंबर चाळीचा माईक

मी एक जुना माईक आहे. लोखंडी जाळीच्या डोक्याचा, वरवंट्यासारखा जड. डोक्याला डावीकडे एक पोचा आहे, तो कसा आला ते पुढे सांगेनच. सध्या माझा मुक्काम नायगावच्या बीडीडी चाळीत, सोळा नंबरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर जाईबाईंच्या लाकडी कपाटात आहे. आजूबाजूला गोधड्या, मागे एक खिळा, आणि खिळ्याला टांगलेला मी.

मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. आणि का नसावा? ज्याने त्याने मला हातात घेतलं की पहिल्यांदा डोक्यावर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" केलं. माझ्यावर कुणाचा विश्वास म्हणून नाही. मग मी तरी लोकांवर पटकन का ठेवावा?

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या एका गाळ्यात माझी जुळणी झाली. केसासारखी बारीक तार गुंडाळली, पातळ पडदा ताणला, पोटात लोहचुंबक बसवला. कारागीर खरं बोलणारा होता. गिऱ्हाईकांना सांगायचा, "याला लांबचं ऐकू येत नाही. तोंडाशी येऊन बोललात तरच ऐकेल." लोक नाक मुरडून दुसरा माईक घेत. एके दिवशी शाहीर कोंडीराम आले. दिवसा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि संध्याकाळी गायन पार्टी, असा त्यांचा दिनक्रम. ते म्हणाले, "मग हाच द्या. चोरून ऐकणारा नकोच आपल्याला."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा झालो.

काय ते दिवस होते! एप्रिल उजाडला की जयंतीचे कार्यक्रम. नायगाव, वरळी, डिलाईल रोड. कोंडीराम कानावर हात ठेवून सूर लावायचे आणि माझ्या पडद्यावर शहारा यायचा. आमच्या गाण्यांत एक रीत असते. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. वरळीला एकदा काय झालं, आमच्या आधी उभा राहिलेला एक गवई कोंडीरामांचंच गाणं म्हणू लागला, आणि शेवटच्या कडव्यात त्याने बिनदिक्कत स्वतःचं नाव घातलं. कोंडीराम ताडकन उठले, माझी वायर त्यांच्या पायात आली आणि मी स्टेजवरून खाली फरशीवर. तो हा पोचा.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी जाईबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, गाणं तर लोकांनी ऐकलं ना?"

कोंडीराम म्हणाले, "माणूस जातो, आवाज वाऱ्यावर जातो. नाव तेवढं गाण्याच्या शेपटाला बांधून ठेवावं लागतं. तेही सोडायचं?"

हे ऐकत होती त्यांची सहा वर्षांची नात, प्रिती. दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली, माझ्या तोंडाशी आली, शाळेतली कविता घडाघडा म्हणाली आणि शेवटी एका दमात जोडून दिलं, "प्रिती, सोळा नंबर, नायगाव." सगळी गॅलरी खो खो हसली. कोंडीराम हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती सवय तिला जी लागली ती कायमची. माझ्यासमोर काहीही बोलली की शेवटी, श्वास सोडल्यासारखं हलकेच, नाव आणि पत्ता.

पुढे गिरणी बंद पडली. बिनवायरचे माईक आले. कोंडीराम गेले. मला एका पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकलं. बारा वर्षं माझ्याशी झुरळांशिवाय कुणी बोललं नाही. त्या वर्षांविषयी मी जास्त सांगत नाही. अडगळीत पडलेल्या कुठल्याही वस्तूला विचारा, ती हेच सांगेल.

मला खाली काढलं प्रितीच्या नवऱ्याने, बुद्धभूषणने. लग्न झाल्यावर तो इथेच राहायला आला. चाळीतले मित्र "काय घरजावई!" म्हणून चिडवतात आणि हा हसून चहा पाजतो. परळच्या ऑफिसांमधून कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि सकाळी चहाबरोबर तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचणं हा छंद.

"आजी, ऐका. आता म्हणे वारलेल्या नटालासुद्धा पडद्यावर परत नाचवणार. कॉम्प्युटरने."

जाईबाई लसूण सोलत विचारायच्या, "त्याला विचारलं का?"

"वारलेल्याला कसं विचारणार?"

"मग नाचवायचं कशाला? जिवंत पोरं काय कमी पडली नाचायला?"

"आणि हे बघा, फ्रिज आता सांगणार दूध संपलं म्हणून."

"चहा काळा झाला की मला कळतं हो जावई. त्याला फ्रिज कशाला लागतो?"

मला जाईबाई फार आवडतात. त्यांचा आणि माझा स्वभाव एक. मोबाइल हा खरा माझा चुलत भाऊ, त्याच्याही पोटात छोटासा माईक असतो. पण त्याचं लक्षण मला कधीच बरं वाटलं नाही. परवा घरात नुसता कुकरचा विषय निघाला आणि याच्या तोंडावर लगेच कुकरची जाहिरात! योगायोग असेलही. माझा विश्वास नाही. मित्रांनो, मी ऐकतो आणि पुढे देतो. पोटात काही ठेवत नाही. ऐकून पोटात ठेवणाऱ्यापासून जरा जपूनच असावं.

तर प्रिती. ती आवाजाची कलाकार झाली होती. दादरच्या एका स्टुडिओत कार्टूनना मराठी आवाज द्यायची. 'टिमकी' नावाची खार तर तिनेच बोलती केली. टिमकी हसली की बालवाडीतली पोरं आपोआप हसायची. स्टुडिओत रेकॉर्डिंग सांभाळणारे रघुवीरदादा होते. प्रितीच्या प्रत्येक वाक्यामागे आलेलं "प्रिती, सोळा नंबर, नायगाव" ते कान लावून कापायचे आणि म्हणायचे, "प्रितीबाई, तुमची ही सही कापून कापून माझी कात्री बोथट झाली!"

मग मनवा झाली. तान्ह्या पोरीला टाकून रोज दादर गाठणं जमेना. तेव्हा बुद्धभूषणने मला पुसलं, एका डबीतून कॉम्प्युटरला जोडलं आणि जाईबाईंच्या कपाटात चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. "याला लांबचं ऐकू येत नाही," तो खुशीत म्हणाला, "गॅलरीतली भांडणंसुद्धा येणार नाहीत." दुपारी दोन ते चार, मनवा झोपली आणि चाळ पेंगली की प्रिती कपाटात शिरायची. घामाने निथळायची. मधेच मनवा कुशीवर वळली तरी वाक्य अर्धं टाकून बाहेर डोकवायची. चोरून मिळालेल्या त्या दोन तासांत ती खार व्हायची, आजीबाई व्हायची, राक्षस व्हायची. मला पुन्हा कोंडीरामांचे दिवस आले.

मनवा बालवाडीत जाऊ लागली त्या वर्षी टिमकीच्या कंपनीतून फोन आला. सीमा नावाच्या बाई गोड बोलत होत्या. टिमकीचं काम आता रघुवीरदादांकडे नव्हतं, कंपनी थेट पाहणार होती. आठशे वाक्यं बोलून पाठवायची होती. शिवाय हसण्याचे बारा प्रकार आणि रडण्याचे सात. सोबत त्यांचा लेखी निरोप होता, "फक्त चाचणीसाठी, ताई. दुसरीकडे कुठेही वापरणार नाही."

जाईबाईंनी लगेच कान टवकारले. "खारीचंच काम ना गं? खार कधी सात तऱ्हेने रडते?"

"आजी, नवीन भाग यायचेत. तयारी असेल त्यांची."

"तयारी त्यांची आणि रडायचं तू?"

मलाही तेव्हाच शंका आली होती, पण माझं कोण ऐकणार? प्रिती आठ दिवस कपाटात बसली. आठशे वाक्यं आणि आठशे वेळा सही. बुद्धभूषण म्हणाला, "ते नाव तरी काढून पाठव."

"आठशे ठिकाणचं कोण कापत बसणार? मनवाचा डबा करू की हे करू? ते ऐकतील, कापतील. रघुवीरदादा नाही का कापत?"

फायली गेल्या. त्यानंतर कंपनीचा फोन आला नाही. एक महिना, दोन महिने. प्रिती रोज दुपारी कपाट उघडायची, माझ्यावरची धूळ पुसायची आणि बंद करायची. दरम्यान मनवा एकदा म्हणाली, "आई, टिमकी आपल्या चाळीत राहते."

"हो का? मग तिला विचार, उद्या पाणी किती वाजता येणार," बुद्धभूषण म्हणाला. सगळे हसले. मनवा रुसली.

आणि मग ती दुपार. प्रिती चपात्या करत होती. गॅलरीत कुणाच्या तरी टीव्हीवर टिमकी लागली होती, अगदी नवा भाग. टिमकी हसली. प्रितीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. ते हसू तिचं होतं. बारांपैकी पाचवं. दम कोंडून मग फुटणारं. तिने ते कुठल्याही भागासाठी दिलेलं नव्हतं. पुढची वाक्यंही तिचीच, पण ती कधीही न बोललेली. तव्यावरची चपाती काळी होऊन धूर निघाला तेव्हा जाईबाई धावल्या.

प्रितीने सीमाबाईंना फोन लावला. उत्तर गोडच होतं. "तो तुमचा आवाज नाहीये ताई, आमच्या कॉम्प्युटरचा आहे. थोडा मिळताजुळता वाटत असेल."

"म्हणजे आता टिमकीला मी नको?"

"तसं काही नाही. काही असेल तर कळवू."

प्रितीने फोन ठेवला. बुद्धभूषण हळूच म्हणाला, "आपण सिद्ध कसं करणार? आवाजाला काही आधार कार्ड नसतं."

ती कपाटात येऊन माझ्यासमोर बसली. आयुष्यभर मी जगावर संशय घेतला, त्या दिवशी तिने माझ्यावर घेतला. असं बघत होती, जणू मीच तिला फितूर झालो. तोंड उघडायलाच भ्यायली होती ती. बोललं की चोरीला जातं, हे मनात बसलं की माणूस मुका होतो. मित्रांनो, मला जीभ असती तर तेव्हा एकच सांगितलं असतं, "पोरी, मी काही ठेवून घेतलेलं नाही."

चार दिवस हे पाहिल्यावर जाईबाईंनी कपाटाचं दार ओढून उघडलं. "तुझ्या आज्याचं गाणं त्या वरळीवाल्याने नेलं, म्हणून तो गायचा थांबला का? एक ओळ म्हण. माझ्यासाठी म्हण."

प्रितीने डोळे पुसले. आज्याची एक जुनी ओळ कशीबशी म्हटली. आणि सवयीने, हलकेच, शेवटी आलंच, "प्रिती, सोळा नंबर, नायगाव."

दारात उभी असलेली मनवा ओरडली, "बघ! टिमकी पण असंच म्हणते! मी सांगत होते ना!"

मग बुद्धभूषणने झडप घालून मोबाइल घेतला, नवा भाग लावला, आवाज पार चढवला. टिमकी शेंगदाणा घेऊन बिळात गेली, संगीत वाजू लागलं, आणि त्या संगीताच्या आड, अगदी बारीक, खारीच्या आवाजात आलं, "प्रिती, सोळा नंबर, नायगाव."

दुसरा भाग लावला, तिथेही तेच. तिसऱ्यात तर दोनदा.

जाईबाई खाटेवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नाही. हे मात्र बारांतही नव्हतं आणि सातांतही. "म्हातारा बरोबर होता गं," एवढंच म्हणाल्या.

रघुवीरदादांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. "मशीनला आठशे वेळा हेच ऐकवलंत, प्रितीबाई. ते समजलं, वाक्य संपलं की असं म्हणायचं असतं. पोपटाला काय कळतं, आरती कुठली आणि शिवी कुठली? पण मला नवल वेगळंच वाटतं. एवढं सगळं मशीनला चारलं आणि तिथे बसून एका माणसानेही कान देऊन ऐकलं नाही!"

प्रितीने पुन्हा फोन लावला. "सीमाताई, तुमचा कॉम्प्युटर कुठे राहतो?"

"म्हणजे?"

"तो म्हणतो, सोळा नंबर, नायगाव. नाव सांगतो प्रिती. तुमचा निरोप आहे माझ्याकडे, कुठेही वापरणार नाही म्हणून. कलाकारांच्या संघटनेत दोन्ही दाखवू का?"

पलीकडे गोडवा एकदम संपला.

संघटनेची माणसं मधे पडली. ते भाग उतरवले गेले. टिमकी पुन्हा प्रितीच बोलते. भागाच्या शेवटी तिचं नाव आता पडद्यावर दिसतं, आणि आवाज मशीनला चारायचा नाही हे कागदावर आलं आहे. तो कागद प्रितीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, बुद्धभूषणने वाचला, जाईबाईंनी दोनदा वाचून घेतला, आणि मगच सही झाली. तरी त्या मशीनच्या पोटात गेलेला आवाज सगळा बाहेर आला का? कंपनी म्हणते, आला. मी म्हणतो, बघू.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही माळ्यावर असतील. कधी त्यांच्यावरची धूळ झटका, एवढी माझी विनंती. आणि दुसरी विनंती तुमच्या स्वतःच्या आवाजासाठी. आवाजही वस्तूच आहे, जपली तर टिकते. कुणी गोड बोलून मागितला तर विचारा, "कशाला हवाय?" उत्तर पटेपर्यंत 'मान्य आहे' वर बोट ठेवू नका.

काही दिवसांत ही चाळ पडेल. पाडकामाची नोटीस जिन्यात लागली आहे, जाईबाईंनी पेटी काढून गोधड्या भरायला घेतल्या आहेत. पेटी पाहिली की मला माळा आठवतो आणि धस्स होतं.

पण काल दुपारी मनवा कपाटात आली. स्टुलावर चढली, माझ्या तोंडाशी आली. मी डोकं सावरून बसलो, आता टिचकी बसणार म्हणून. तिने टिचकी मारली नाही. फुंकरही घातली नाही. माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ऐकतोयस ना रे?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मग तिने बालवाडीतलं गाणं म्हटलं, निम्मं विसरली, आणि शेवटी एका दमात म्हणाली, "मनवा, सोळा नंबर, नायगाव."