अकरा पायऱ्यांवरच्या खोलीचा गर्डर

मित्रांनो, जयपूरच्या दुर्गापुरा भागात एका घराच्या मागच्या अंगणात गॅरेज आहे आणि गॅरेजवर एक खोली आहे. ती खोली ज्याच्या पाठीवर उभी आहे तो जुना लोखंडी गर्डर म्हणजे मी. माझी लांबी चौदा फूट चार इंच आहे. वय मात्र नक्की सांगता येत नाही.

माझी पहिली नोकरी सांगानेरला, कापडावर ठसे उमटवणाऱ्या एका कारखान्यात होती. तिथे मी एकतीस वर्षे छत धरून होतो. दिवसभर खाली लाकडी ठशांचे ठोके पडत आणि वर गच्चीवर ओले कापड वाळत घालणाऱ्या बायकांची पावले चालत. कारखाना पाडला तेव्हा मला भंगारवाल्याच्या आवारात टाकले. दोन वर्षे मी तिथे आडवा होतो. गर्डरला वजनाचा त्रास होतो असे तुम्हाला वाटत असेल, पण वजन नसण्याचा त्रास मला तिथे पहिल्यांदा कळला.

एका सकाळी हिंदुराव आले. ते मूळचे कराडचे, पण लष्कराच्या बांधकाम खात्यातून जयपूरलाच निवृत्त झालेले. पत्नी रमाबाई वारल्यापासून ते एकटेच राहत. त्यांनी मला हातोडीने ठोकून पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि डोळा बारीक करून मी सरळ आहे का ते तपासले. मग म्हणाले, "हा माझा."

त्यांना गॅरेज हवेच होते, पण घाई वरच्या खोलीची होती. त्यांची थोरली बहीण प्रभावती, म्हणजे त्यांची आक्का, कराडला एकटी राहत होती. जयपूरला यायला ती तयार होती. तिची अट एवढीच होती, की दार वेगळे आणि चूल वेगळी. भावाच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून तिला मरायचे नव्हते. ती आली तर दोघांचे एकटेपण संपणार होते.

हिंदुरावांनी आलेखाच्या कागदावर आराखडा आखला. आतली रुंदी तेरा फूट, दोन्ही भिंतींत माझा आठ-आठ इंच टेकू. लांबी अठरा फूट, मधोमध मी. माझ्या दोन्ही बाजूंना दगडी पट्ट्या, म्हणजे इकडे छताला टाकतात त्या लांब फरश्या. वहीत त्यांनी वरच्या खोलीत येणारे प्रत्येक वजन लिहिले: कपाट, पलंग, धान्याचे डबे, देव्हारा, पाटा-वरवंटा. शेवटी लिहिले, 'आक्का, बावन्न किलो.'

नंदकिशोर मिस्त्रीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हिंदुरावजी, जीना अंदर से लो. दीवार के साथ तीन फुट छोड़ दो, आराम से चढ़ेगा."

"और गाडी का दरवाजा? वो कैसे खुलेगा?"

"तो फिर जीना जाएगा पीछे. वहाँ टंकी है. जगह बची साढ़े सात फुट. सीढ़ी खड़ी हो जाएगी."

"फौजी आदमी हूँ, चढ़ जाऊँगा."

"आप तो चढ़ जाओगे," नंदकिशोर एवढेच म्हणाला आणि बिडी पेटवून बाजूला झाला.

जिना मागे गेला. साडेनऊ फूट उंची, अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरी दहा इंचांहून थोडी जास्तच.

छत पूर्ण झाल्यावर हिंदुरावांनी माझी परीक्षा घेतली. वाळूची चाळीस पोती वर रचली, माझ्या पोटाखाली दोरा ताणला आणि दुसऱ्या दिवशी मोजले. जाड कागदाएवढाच फरक पडला होता. त्यांनी माझ्यावर थाप मारली. "शाब्बास! आता आक्का सगळं गाव घेऊन आली तरी चिंता नाही." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच एक कौतुक.

फेब्रुवारीत आक्का आल्या. जिन्यासमोर उभ्या राहून त्यांनी मान वर केली.

"आरं हिंदुराव, जिना हाय का शिडी?"

"चढून तर बघ. वर ऊन किती छान येतं!"

त्या हात टेकत चढल्या. खोली त्यांना आवडली. त्यांची पावले माझ्यावरून खिडकीपर्यंत गेली, परत आली, चुलीच्या ओट्यापाशी थांबली. सांगानेरनंतर इतक्या वर्षांनी माझ्यावर कुणीतरी चालत होते. मग उतरायची वेळ झाली, आणि आक्का बसून, एकेक पायरी सरकत खाली आल्या. शेवटच्या पायरीवर गुडघा दाबत त्यांनी गॅरेजकडे पाहिले.

"मोटारीला खालची खोली आन् म्हातारीला वरची. झ्याक वाटणी केलीस बग."

नऊ दिवस त्या घरातल्या दिवाणखान्यात खाटेवर झोपल्या. दहाव्या दिवशी पिशवी भरली.

"घर माझं म्हणजे परक्याचं आहे का?" हिंदुराव चिडून म्हणाले.

"तुझंच हाय. म्हणून तर निगाले."

त्यानंतर चौदा महिने माझ्यावर पाऊल पडले नाही. उन्हाळ्यातल्या आंधीने खोलीत बोटभर धूळ आणली. खोलीबाहेरच्या गच्चीवरचे पाणी जायचे भोक पानांनी तुंबले, पावसात पाणी भिंतीत उतरले आणि माझ्या डाव्या टोकाला गंज चढला. कधी कधी हिंदुराव माझ्याखाली येऊन गाडीत बसत. इंजिन सुरू करत नसत. गाडीचे दार सताड उघडे असायचे. ते पूर्ण उघडत होते, अगदी कागदावर आखले होते तसे.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ते तुंबलेले भोक साफ करायला वर चढले. उतरताना सहाव्या पायरीवर त्यांचा गुडघा अडकला. हाक मारायला घरात कोणी नव्हते. तासभर ते तिथेच बसून राहिले आणि मग बसूनच, एकेक पायरी सरकत उतरले. धुळीने माखलेल्या पायजम्यातच त्यांनी माझ्याखाली उभे राहून फोन लावला.

"आक्का, तुला केवढ्या उंचीची पायरी झेपते?"

  उत्तर ऐकत त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि समोरच्या भिंतीवर लिहिले, 'एक वीट. त्याहून जास्त नाही.'

आठवड्याने गाडी अंगणात कायमची उन्हात उभी राहिली. नंदकिशोरने शटर काढून तिथे भिंत, खिडकी आणि दार बसवले. मागच्या कोपऱ्यात ओटा आणि न्हाणीघर केले. दारापुढे एकच पायरी, एका विटेची. दिवाळीच्या आधी आक्का आल्या त्या परत गेल्या नाहीत. आता सकाळी माझ्याखाली वरवंटा फिरतो. भाऊ दारात येऊन विचारतो, "येऊ का?" आणि आतून उत्तर येते, "ये की, चा ठेवलाय."

मित्रांनो, कुणासाठी घर बांधाल तर वजने मोजण्याआधी त्या माणसाला विचारा, की तुला चढवेल किती, बसशील कुठे. गणित मागाहूनही करता येते. मी माझे काम चोख केले, हिंदुरावांनीही केले, तरी दीड वर्षाहून जास्त काळ दोन माणसे दोन गावांत एकटी जेवली.

आणि एक विनंती माझ्यासाठी. पावसाळ्याआधी वरच्या गच्चीवरचे पाणी जायचे भोक कुणीतरी साफ करा. गंज आता भिंतीच्या आत चार इंच गेला आहे. खालच्या दोघांना तो दिसत नाही, आणि वर चढणारे आता कोणी नाही.