घमेल्यातलं ताक

रोपांच्या मातीत ओल टिकावी म्हणून बनवलेलं आमचं जेल पाणी धरायचं, यात वाद नव्हता. अडत होतं ते पुढे. वापरून झाल्यावर ते आम्लात विरघळवायचं आणि त्यातूनच नवं करायचं, हा माझ्या संशोधनाचा गाभा होता. विरघळायचं लगेच, पुन्हा जमायचं मात्र नाव नको. राहुरीच्या प्रयोगशाळेत मी आम्लं बदलून थकले. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "रेबेका, ही शेवटची खेप. नाही जमलं तर विषय बंद."

ती शेवटची खेप कोल्हारला रतनमावशींच्या रोपवाटिकेत होती. वांग्याच्या कुंड्यांत कापडाच्या पुरचुंड्यांमध्ये जेल पुरलं होतं. काढायला गेले, तर सगळ्या पुरचुंड्या रिकाम्या.

"रोपांवर बुरशी दिसली गं," मावशी म्हणाल्या. "म्हनून आंबट ताक वतलं. आमी दरसाल वततो."

आंबट! माझं डोकंच फिरलं. "मावशी, वर्षाचं वाटोळं केलंत!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी कुंड्यांच्या मांडणीखालून घमेलं ओढलं. "खाली गळालेलं हाय बघ. पानी टाकायची सवय न्हाई मला."

मी ते रागारागानेच उचललं. थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

प्रयोगशाळेत ते गढूळ पाणी गाळलं, आंबटपणा मारायला नेहमीसारखा सोडा घातला आणि आशा सोडून चहाला गेले. परत आले तर काचेची कांडी भांड्यात उभी! भांडं उलटं केलं, थेंब सांडेना. जेल परत आलं होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. जेल म्हणजे गाठींनी बांधलेलं धाग्यांचं जाळं. माझी जहाल आम्लं गाठींबरोबर धागेही तोडत होती; ताकाच्या सौम्य आंबटपणानं नुसत्या गाठी सोडल्या होत्या. मी तिथंच बसून रडले. सरांनी भांडं तीनदा उलटं करून पाहिलं आणि विषय चालू ठेवला.

रविवारी आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. लोक पहिलं पीक आणतात, मग त्याचा लिलाव होतो. मी मावशींना आग्रहानं नेलं. भोपळे, कणसं, कोंबड्या यांच्या शेजारी मी त्यांच्या ताकाचा तांब्या ठेवला. पाळक गोंधळले. "हे कुणाचं पीक?"

"माझं," मी म्हटलं. "पिकवलं रतनमावशींनी. मी त्यांना नको ते बोलले होते."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "अगं, लई आंबट हाय ते. कोन घेनार?"

पहिली बोली मीच लावली. कुणी वर चढलं असतं, तरी मी सोडणार नव्हते.