पुरेताईंची फेरी

"अहो आई, बेल कशाला वाजवलीत? किल्ली विसरलात का?" सुनेनं दार उघडत विचारलं.

किल्ली पर्समध्येच होती. पण पुरेताई आज सासू म्हणून आल्याच नव्हत्या. गळ्यात आरोग्य खात्याचं ओळखपत्र, खांद्याला पत्रकांची पिशवी. "कामावर आहे. साहेबांची सक्त ताकीद आहे, फेरीतलं एकही घर सुटता कामा नये. आज आपली गल्ली."

पुरेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी त्या याच गल्ल्यांतून 'दोन पुरे, एकावर थांबलात तर सोन्याहून पिवळं' असं सांगत हिंडल्या आणि पोरांनी हे नाव पाडलं. तेव्हा एकेका खोलीत सहा-सात लेकरं असायची. सासवा तोंडावर दार आपटत, नवरे अंगावर धावून येत, पण ताई कुणाला बधल्या नाहीत. शेवटी लोकांनी ऐकलं, आणि नको इतकं ऐकलं. आता शाळेच्या निम्म्या खोल्यांना कुलूप होतं आणि बागेतल्या झोपाळ्यांवर पेन्शनर वर्तमानपत्र वाचत बसत होते. खात्याला घाम फुटला. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, "आता उलटं सांगायचं. मुलं होऊ द्या म्हणावं."

"साहेब, तो काय नळ आहे? तेव्हा बंद केला, आता सोडला!" ताई म्हणाल्या होत्या. पण पिशवी घेतली.

घेतली, कारण त्यात त्यांचाही स्वार्थ होता. घरात एक नातवंड असावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता. परक्या बायकांना नाही नाही ते विचारणाऱ्या ताईंची सुनेला विचारायची मात्र छाती होत नव्हती. सासूनं विचारलं की तो टोमणा होतो. खात्यानं विचारलं तर निदान उत्तर तरी मिळेल.

सुनेनं एकदा ओळखपत्राकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. काय समजायचं ते समजली. "बसा ना, ताई," ती म्हणाली आणि पाणी घेऊन आली.

ताई पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या. रोज 'अगं-तुगं' करणारी जीभ आपोआप वळली. "मुलाचा काही विचार केलाय तुम्ही?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा. आमच्याकडून बाहेर जात नाही."

सुनेनं लॅपटॉप मिटला. "आधी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. दोघांच्या नोकऱ्या कंत्राटी. मी रजेवर गेले, तर परत येईपर्यंत माझी जागा दुसरीला गेलेली असेल. मी एकुलती एक, हेही एकुलते. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना आमच्याशिवाय कोण आहे? धावपळ करता करता हौसच विरली, ताई. मागच्या महिन्यात दोघांनी बसून ठरवलं. नको."

ताईंनी पिशवीतून पत्रक काढलं. पाळणाघर, सवलती, हसरं बाळ. पूर्वी त्यांच्याकडे प्रत्येक सबबीला उत्तर असायचं. पण ही सबब नव्हती. 'निर्णय तुमचा, कुणाच्या दबावाखाली यायचं नाही', हे बायकांना शिकवण्यात त्यांचीच उमेदीची वर्षं गेली होती. आता कुठल्या तोंडानं आग्रह करायचा? त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"एक विनंती होती," सून खाली बघत म्हणाली. "आमच्या सासूबाईंना हे कळू देऊ नका. त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. पण बाजारात बाळांच्या कपड्यांचं दुकान आलं की त्या हळू चालायला लागतात. मी बघते ना. त्यांना फार लागेल."

ताईंनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

"नाही कळणार त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही निर्धास्त राहा."

त्यांनी चपला घातल्या. सून दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, "संध्याकाळी जेवायला काय करू?"

"ते तुमच्या सासूबाईंना विचारा," ताई म्हणाल्या आणि कठड्याला धरून वरच्या मजल्याचा जिना चढू लागल्या.