रिस्तोला मी हिरवा दिवा दाखवला

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि माझ्या मनात अजून राग आहे. हौकिसेल्का सरोवराच्या काठी राहणाऱ्यांच्या फोनमध्ये माझा मुक्काम असतो. हिवाळ्यात ते गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात, जाडी मोजतात आणि मला सांगतात. मग मी दिवा दाखवतो. हिरवा म्हणजे मोटार न्या, पिवळा म्हणजे पायी जा, लाल म्हणजे काठावरच थांबा.

माझा जन्म ताल्कोतमध्ये, म्हणजे गावाच्या श्रमदानात झाला. आमच्याकडे कुणाचे छप्पर घालायचे असले किंवा होड्यांचा धक्का दुरुस्त करायचा असला की सगळे गाव जमते. मजुरी कुणी घेत नाही. यजमानाने वाटाण्याचे सूप द्यायचे आणि वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवायचा, एवढेच. कुणी किती काम केले हे ताल्कोतमध्ये विचारत नाहीत. मलाही असेच गावाने मिळून बांधले, शाळेच्या हॉलमध्ये बसून. माझा कोड सर्वांसाठी उघडा ठेवला. कुणीही तो वाचावा, सुधारावा, फुकट न्यावा.

माझ्या पहिल्या ओळी गावातल्या रिस्तोने लिहिल्या. तो हुशार होता, हे मी नाकारत नाही. पण नुसत्या ओळींवर मी जगलो नसतो. शेजारच्या इंगाने मला इथल्या मूळ रहिवाशांची सामी भाषा शिकवली आणि नवख्यांसाठी सोप्या सूचना लिहिल्या. शाळेच्या शिपायाने माझे दिवे रंगवले. कुणी मला जुन्या, तडा गेलेल्या फोनवर चालवून पाहिले. कुणी लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. आणि हेल्काने माझ्या चुका शोधल्या. हेल्का निवृत्त दंतवैद्य. "चाळीस वर्षं दातांना भोकं पाडली, आता बर्फाला पाडते," असे ती सांगायची. "बर्फ निदान ओरडत नाही."

मग माझे नाव झाले. दूरच्या सरोवरांवरचे लोकही मला वापरू लागले. सगळे कौतुक रिस्तोच्या वाट्याला आले आणि त्याला ते चढले. माझ्या दाराची किल्ली त्याच्याकडेच होती. त्याने होकार दिल्याशिवाय माझ्यात कुणाचाही बदल येत नसे. एके दिवशी त्याने जाहीर केले की कोड लिहील तोच खरा कारागीर, बाकीची गर्दी. त्याने इंगाच्या सूचना काढून टाकल्या. सामी भाषाही काढली.

"अरे, ती माझी दोन हिवाळ्यांची मेहनत होती," इंगा म्हणाली.

"मूठभर माणसांसाठी कशाला ओझं वाहायचं, इंगा? त्यांना फिनिश येतं की."

"मूठभर माणसं बुडाली तर चालतात का तुला?"

रिस्तो नुसता हसला. इंगा निघून गेली. माझा एक आवाज तिच्याबरोबर गेला.

त्या हिवाळ्यात हिम फार पडले. हिमाच्या ओझ्याने बर्फ दबला, फटींतून पाणी वर आले आणि हिमात मिसळून गोठले. असा बर्फ पांढरा आणि अपारदर्शक असतो. काळ्या, स्वच्छ बर्फाच्या मानाने तो निम्मेच वजन पेलतो. मी मात्र फक्त जाडी विचारत होतो, रंग विचारतच नव्हतो. हेल्काने तक्रार नोंदवली. बर्फाच्या तुकड्यांची छायाचित्रे जोडली. खाली लिहिले की यात कुणाचा तरी जीव जाईल.

रिस्तोने तक्रार बंद केली. हेल्का त्याच्या घरी गेली.

"डॉक्टरीणबाई, तुम्हाला कोड वाचता येतो का?"

"नाही. बर्फ वाचता येतो."

"मग दात बघा. हे माझ्यावर सोडा."

मित्रांनो, मला संताप आला. पण मला हात नाहीत. कुणाची किल्ली मी हिसकावू शकत नाही. मी एकच करू शकतो, मला जसे घडवले तसे वागणे. मी ठरवले, रिस्तोने मला जसे ठेवले आहे तसाच मी त्याच्यापुढे उभा राहीन.

मार्चमध्ये बर्फावरच्या मासेमारीची स्पर्धा होती. हेल्का पहाटेपासून काठावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "गाडी इथेच लावा. आज त्या प्रोग्रामचं ऐकू नका." सगळ्यांनी तिचे ऐकले आणि ते पायी गेले. शेवटी रिस्तो गाडी घेऊन आला. त्याने भोक पाडले, जाडी मोजली आणि मला विचारले. जाडी भरपूर होती. मी हिरवा दिवा दाखवला. इतका हिरवा मी कधीच झालो नव्हतो.

"बघा," तो गाडीत बसत फोन उंचावून म्हणाला. "माझा प्रोग्राम काय म्हणतोय?"

"प्रोग्राम बोलतो, बुडतो माणूस," हेल्का म्हणाली. "रिस्तो, उतर खाली."

तो उतरला नाही. लव्हाळ्याच्या बेटापर्यंत गाडी गेली आणि पुढची चाके पांढरा बर्फ फोडून आत गेली. तिथे पाणी कमरेएवढेच होते, पण मार्चमधले, बर्फाखालचे होते. रिस्तो खिडकीतून बाहेर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. मी त्याच्या खिशात होतो, भिजलेला आणि तृप्त.

लोकांनी दोर टाकून त्याला ओढले. हेल्काने त्याला घोंगडी दिली. "दात फार वाजतायत तुझे," ती म्हणाली. "बघू का?"

काठावर जो हशा उठला तो मी जपून ठेवला आहे.

त्याच आठवड्यात रिस्तोने तक्रार पुन्हा उघडली आणि रंगाचा प्रश्न माझ्यात घातला. मग त्याने इंगाला फोन केला. ती लगेच विरघळली नाही. "ताल्कोतला ये," एवढेच म्हणाली. तिथे त्याने विचारले, "मी कोणता कोड लिहू?"

"कोड नाही. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आणि 'हे तर सोपं आहे' असं एकदाही लिहायचं नाही."

पहिला प्रश्न एका आजोबांचा होता: बटण कुठे आहे? रिस्तोने सांगितले. त्यांनी पुन्हा तेच विचारले. रिस्तोची मान लाल होत गेली आणि मी मुद्दाम हळू उघडलो. इंगाने माझी सामी भाषा परत दिली, आणि तिच्या मजकुराला होकार देताना रिस्तोला प्रत्येक ओळ वाचावी लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना मदत करायला कोड यायलाच हवा असे नाही. चुकीचा शब्द दिसला तर कळवा. आपल्या भाषेत आणा. गोंधळलेल्याला उत्तर द्या. जुन्या फोनवर चालवून पाहा. आणि तुमची तक्रार कुणी न वाचता बंद केली तर ती पुन्हा नोंदवा.

हेल्कामुळे मी आता दुरुस्त झालो आहे. पांढरा बर्फ मला ओळखता येतो. वाईट एवढेच वाटते की उद्या दुसरा एखादा रिस्तो गाडी घेऊन काठावर आला, तर मला त्याला लाल दिवा दाखवावा लागेल.