सरळ केलेली डमी

चूक तिचीच होती. किल्ली द्यायलाच नको होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही, पण हे शहाणपण किल्ली दुसऱ्याच्या पर्समध्ये गेल्यावर सुचून काय उपयोग?

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सरळ उभे राहा, श्वास घ्या, रोखा, सोडा, झालं. दिवसभर लोकांना सरळ उभं करायचं, आणि तिचा स्वतःचा कणा मात्र बाराव्या वर्षापासून डावीकडे कललेला. डावा खांदा दोन बोटं खाली. कॉलेजात तिच्या मैत्रिणीनं, म्हणजे आताच्या बुटिकवालीनं, तिचं नाव ‘तिरकी’ ठेवलं. तेव्हा अर्थात बुटिक नव्हतं, नुसती जीभ होती. तिरकी त्यावर हसायची. हसून घेतलं की विषय संपतो असा तिचा समज होता. विषय कसला संपतोय, वीस वर्षं झाली तरी नाव चिकटलेलंच आहे.

तर या तिरकीला मावशीचा फ्लॅट मिळाला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं आणि बाबांचं फार जुन्या काळी बिनसलं, आणि ‘त्या बाईचं नाव या घरात नको’ असा बाबांचा हुकूम झाला. मावशी शिवणकाम करून एकटी राहिली. तिरकीनं तिला नीट पाहिलं ते एकदाच, आई गेली त्या दिवशी. मावशी दाराशी उभी होती. निघताना तिनं तिरकीच्या डाव्या खांद्यावरून सावकाश हात फिरवला, मानेपासून दंडापर्यंत, आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेली. तिरकीला ते विचित्रच वाटलं होतं, थोडा रागही आला होता. इतकी वर्षं कुठं होतीस, असं विचारावंसं वाटलं होतं. पुढं बाबाही गेले. आणि आता वकिलाचा फोन आला, की मावशी वारल्या, घर तुमच्या नावावर करून गेल्यात.

का? ज्या भाचीशी आयुष्यात चार शब्द बोलली नाही, तिला घर का दिलं? विचारायला कुणी उरलं नव्हतं. उत्तर असेलच तर त्या दोन खोल्यांत असेल, हे तिरकीला कळत होतं. म्हणून तिनं ठरवलं, घाई करायची नाही. सुट्टीच्या दिवशी एकच कपाट उघडायचं, एकेक वस्तू हातात घेऊन बघायची. स्वयंपाकघर झालं होतं. बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र, कापायचं लांब टेबल, भिंतीतलं उंच कपाट आणि खिडकीपाशी चादरीखाली झाकलेली कपडे बेतायची डमी, हे सगळं अजून व्हायचं होतं.

तेवढ्यात मोरीतला नळ गळायला लागला. तिची ड्युटी, प्लंबर दुपारी येणार. बुटिकवालीचं दुकान कोपऱ्यावरच. “आण ती किल्ली, मी बघते,” ती म्हणाली. नळ दुरुस्त झाला, किल्ली काही परत आली नाही. मग दुकानातली जास्तीची खोकी ‘दोन दिवसांसाठी’ तिथं आली. मग मास्तरीण, म्हणजे तिसरी मैत्रीण, शाळा सुटल्यावर पेपर तपासायला तिथं बसायला लागली, कारण घरी पोरं सुचू देत नाहीत. ओसरी मिळाली, हातपाय पसरले. एकदा तर तिरकी स्वतःच्याच दाराशी पोचली आणि आतून आवाज आला, “कोण आहे?”

“राहा गं तुम्ही,” तिरकी तेव्हा म्हणाली होती, “फक्त बाहेरच्या खोलीतलं काही हलवू नका. मला अजून बघायचंय.” हे ती हसून म्हणाली. हसून म्हटलेलं कोण मनावर घेतंय?

गुरुवारी ती ड्युटीवरून आली तर खिडकीपाशी डमी नव्हती. चादर घडी घालून टेबलावर ठेवलेली, आणि डमीच्या जागी खोकी. ती तशीच जिना उतरून बुटिकमध्ये गेली.

बुटिकवाली काउंटरवर लेस मोजत होती. मास्तरीण सोफ्यावर दोन नव्या उशांना टेकून चहा पीत होती. काचेपाशी एक छोटी डमी उभी होती, ताठ, नव्या पांढऱ्या कापडात, अंगावर लहान मुलीचा झालरीचा फ्रॉक.

“ही मावशीची?” तिरकीनं विचारलं.

“ओळखलीस? बघ कशी झालीय. आयती लहान मुलांची डमी मिळाली,” बुटिकवाली खुशीत म्हणाली. “तशी पाहिली असतीस तर हसली असतीस. वर काय काय गुंडाळलं होतं कुणास ठाऊक, एक खांदा खाली, पाठ एका बाजूला गेलेली. कुणा वेड्यावाकड्या बाईच्या मापाची केली होती. काय करायचीय तसली? सोलून काढली सगळी.”

“सोलून.”

“अगं, संपेचना. एक थर काढला की आत दुसरा. कापूस, वर कापड, परत कापूस, वर वेगळं कापड. जसजसं आत जावं तसतशी बारीक होत गेली. शेवटी निघाली ती ही, बाराएक वर्षांच्या पोरीएवढी. आणि गंमत म्हणजे अगदी आतल्या थरातही खांदा थोडासा खालीच. सरळ केली एकदाची.”

तिरकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी तिला नीट दिसायला हवं होतं. तिनं हजारो कणे पाहिले होते. कुठल्या वर्षी कणा किती वाकतो, खांदा किती उतरतो, तिला सांगायला नको होतं. बाराव्या वर्षी थोडासा. मग दर वर्षी थोडा जास्त.

बाराव्या वर्षापासूनच आई दर वाढदिवसाआधी टेप घेऊन तिला उभी करायची. खांदा मोजायची, पाठ मोजायची. “डॉक्टरांना सांगावं लागतं,” म्हणायची. डॉक्टरांनी तर कधी विचारलंच नाही. आणि वाढदिवसाला नवा ड्रेस यायचा. रेडीमेड आहे, आई म्हणायची, टॅग टोचतो म्हणून मीच कापून टाकला. जगात दुसरा कुठलाच कपडा तिरकीच्या अंगावर धड बसत नव्हता. खुद्द बुटिकवालीनं दोनदा प्रयत्न करून हात टेकले होते, “तुझा खांदा माझ्या कटिंगमध्ये बसत नाही, बाई.” आईचे ‘रेडीमेड’ मात्र बसायचे. आई गेली आणि ते ड्रेसही थांबले. तेव्हापासून तिरकी सैल शर्ट घालून फिरते.

“काढलेलं कापड कुठंय?” तिनं विचारलं.

“वाया नाही घालवलं गं. वरचा थर त्या पिशवीत आहे, बाकीचं उशांत भरलं. मऊ झाल्यात की नाही गं?” हे मास्तरणीला.

“ऊठ,” तिरकी मास्तरणीला म्हणाली.

“अगं, चहा तरी...”

“ऊठ म्हणते ना.”

मास्तरीण उठली. तिरकीनं काउंटरवरची कात्री घेतली आणि दोन्ही उशा उसवल्या. कापसात गुंडाळलेले तुकडे बाहेर आले. पिवळा, बाराव्या वाढदिवसाचा. हिरव्या चौकड्यांचा. जांभळा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. निळा, तो घालून तर ती नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. तिच्याच ड्रेसांची उरलेली कापडं होती ती.

“तू मला वीस वर्षं तिरकी म्हणतेस,” ती बुटिकवालीला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण काचेपलीकडचे लोक वळून बघायला लागले होते. “माझ्या खांद्यावर पोट धरून हसलीस, चारचौघांत हसलीस. आणि तो खांदा तुझ्या हातात आला तेव्हा तुला ओळखता आला नाही. वेडीवाकडी बाई मी आहे. ती डमी मी होते.”

बुटिकवालीनं हातातली लेस खाली ठेवली. मग म्हणाली, “मला काय माहीत? सांगायचंस ना आधी.”

“मलाही माहीत नव्हतं. तेच शोधायला तर मी बसले होते. मला कळायच्या आधी तू सोललंस.”

“जाऊ दे ना गं,” मास्तरीण मध्ये पडली, “एका डमीवरून मैत्री तोडायची का?”

“आणि हे बघ,” बुटिकवालीचे डोळे भरून आले होते, ते काही खोटं नव्हतं, “तुझ्या आईच्या उशाशी मी रात्री जागून काढल्यात. तेव्हा कुणी आलं नव्हतं. ते विसरलीस?”

घाव बरोबर बसला, कारण ते खरं होतं. एरवी इथंच तिरकी विरघळायची, सॉरी म्हणायची, वर चहाही करायची.

“नाही विसरले,” ती म्हणाली. “ते उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण उपकारांच्या बदल्यात घराची किल्ली नाही मिळत. टाक ती इथं.”

किल्ली काउंटरवर आली. तिरकीनं डमीच्या अंगावरचा झालरीचा फ्रॉक उतरवून घडी करून ठेवला, डमी काखोटीला मारली, पिशवी आणि उसवलेल्या उशा घेतल्या आणि निघाली. खोकी संध्याकाळी जिन्यात काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. आधी कुलूपवाला बोलावून कुलूप बदललं. मग जमिनीवर बसून तुकडे लावले, वर्षांच्या क्रमानं. क्रम तिला पाठच होता. कुठला ड्रेस कितव्या वाढदिवसाचा, हे जगात आता तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? निळ्यानंतर मात्र एक विटकरी रंगाचं कापड उरलं. पिशवीतलं, म्हणजे सगळ्यांत वरच्या थराचं. असा ड्रेस तिच्याकडे कधीच नव्हता.

ती बराच वेळ ते कापड घेऊन बसली. आई गेल्यावर मापं कुणी दिली असतील? मग तिचा उजवा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला. मानेपासून दंडापर्यंत, सावकाश. शिवणाऱ्या बाईच्या हाताला टेप कशाला लागतो?

ती उठली आणि भिंतीतलं उंच कपाट उघडलं. आत हँगरवर तो एकटाच होता, विटकरी, टॅग नसलेला. पोचवायला कुणी उरलं नाही म्हणून राहून गेलेला. तिनं तो अंगात घातला. डावीकडे ओढला नाही, उजवीकडे लोंबला नाही. ती कपाटाला टेकून रडली, आणि रडताना तिला मावशीचा राग आला, आईचा आला, बाबांचा तर फारच आला. एकीनं तरी सांगायचं होतं.

बेल वाजली. दारात दोघी होत्या, बुटिकवालीच्या हातात केक.

“डमी मी पुन्हा होती तशी करून देते,” बुटिकवाली घाईघाईनं म्हणाली. “तू नुसती उभी राहा, मी मापं घेते, आणि...” ती थांबली. तिची नजर खांद्याच्या शिवणीवर गेली आणि तिथंच राहिली. शेवटी धंद्याची नजर ती. “हा कुणी शिवला? कसला बसलाय.”

“माझ्या मावशीनं,” ती म्हणाली. “आणि यापुढं येताना आधी फोन करायचा. मी ये म्हटलं तरच यायचं.”

“अगं तिरके...”

“तेही बंद.”

तिनं दार लावलं, जमिनीवर बसली आणि डमीवर पिवळ्यापासून गुंडाळायला सुरुवात केली.