पिशवीवरचं हिरवं पान

सकाळच्या चहाबरोबर सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे प्रमाणपत्रांचा गठ्ठा सुनेपुढे सरकवला. घरचा पिशव्यांचा कारखाना होता आणि सून रसायनशास्त्राची पदवीधर. तिला पसंत करताना नाकडोळे कोणी धड पाहिले नव्हते, पदवी मात्र दोनदा वाचली होती. तपासनीस म्हणून सही करायला घरचंच माणूस मिळालं, तेही फुकट.

पिशवी साध्या प्लास्टिकचीच. त्यात चिमूटभर पूड घातली की उन्हात ती ठिसूळ होऊन तिचा चुरा होई. वर हिरवं पान आणि खाली ‘मातीत मिसळते’ एवढं छापलं की काम झालं. हिरव्या शाईच्या बाबतीत हे गृहस्थ भलतेच उदार होते. खरोखर खत होणाऱ्या पिशवीवर मानकाचा क्रमांक असतो, ती कुठे आणि किती दिवसांत कुजते ते लिहिलेलं असतं. यांच्या पिशवीवर पानाखेरीज नाव घ्यावं असं काही नव्हतं.

सुनेने सहा महिन्यांपूर्वी परसातल्या खतखड्ड्यात दोन पिशव्या पुरल्या होत्या. एक मक्याच्या स्टार्चची, क्रमांक असलेली. दुसरी घरची, उन्हात ठिसूळ झालेली. गेल्या आठवड्यात तिने ते खत चाळलं. मक्याची शोधूनही सापडली नाही. घरच्या पिशवीच्या मूठभर कपच्या निघाल्या, आणि त्याहून बारीक कण खतातच राहिले.

आजची प्रमाणपत्रं शहराच्या खत प्रकल्पासाठी होती. तिथलं खत भाजीच्या शेतांत जायचं. तिने कपच्यांची बशी टेबलावर ठेवली.

सासऱ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “अख्खी पिशवी दिसते का कुठे? नाही ना? मग मिसळली.”

“मिसळली नाही, बाबा. लपली.”

सकाळी सकाळी घरात तमाशा नको, असं सासूबाईंनी बजावलं. नवऱ्याने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. एरवी तो मथळ्यांच्या पुढे कधी जात नसे. तिला त्या तिघांची मनापासून किळस आली.

“या घरात राहायचं असेल तर सही कर,” सासरे म्हणाले.

तिने पेन उचललं. सासऱ्यांचा चेहरा खुलला. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘चुरा होतो. खत होत नाही,’ आणि खाली ठसठशीत सही केली.

त्यांनी कागद टराटरा फाडला.

“फाडा. असाच एक काल प्रकल्पाच्या साहेबांच्या हातात देऊन आलेय,” ती म्हणाली. “आता सांगा, बॅग भरू का?”