ढब्बूची दाढ

ढब्बूचं दुखणं तिच्या आईइतकं जगात कुणालाच कळत नव्हतं. पोर काडीसारखी, म्हणून लाडाने ढब्बू. वय सात, आणि जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार. थंडी वाजली की हाडं दुखणार, पाणी कमी प्यायली की पोट धरून लोळणार. शिलाई मशीनवरून न उठता, नुसत्या कण्हण्यावरून आई सांगायची, आज गुडघा आहे की पाठ. दवाखान्याच्या वॉर्डातल्या नर्स तिला 'अर्ध्या डॉक्टर' म्हणून चिडवायच्या, आणि बाई त्यावर फुगायच्या!

सोमवारी ढब्बूचा जबडा दुखायला लागला. मागे एकदा असाच दुखला होता, तेव्हा ते सिकलचंच निघालं होतं. आईने गोळी दिली, तांब्याभर पाणी पाजलं, गरम पाण्याची पिशवी गालाला लावली.

"आई, हे नेहमीसारखं नाही गं. आत दाढेत ठणकतंय."

"आता तू मला शिकव! तुझं दुखणं मला कळत नाही होय? पडून राहा गुपचूप."

असे तीन दिवस! गुरुवारी गाल टम्म सुजला, अंग तव्यासारखं तापलं, पोर हाकेला ओ देईना, तेव्हा कुठे बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला उचलून आई दवाखान्यात धावली.

दातांच्या डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. सिकलच्या मुलांना दात कसे जपायचे, हे त्या दर महिन्याला प्लास्टरची बत्तीशी घेऊन शिकवायच्या. 'इथे पोरीच्या जिवाची मारामार, आणि ह्यांना दात सुचतायत,' असं पुटपुटत आई दर वेळी ढब्बूला ओढत घरी न्यायची.

"किडलेल्या दाढेखाली पू झालाय, ताई. विष अंगात भिनलंय. अशा मुलांना हे झेपत नाही, म्हणून तर घसा फोडून सांगत होते."

"वाचेल ना हो, मॅडम?"

"सलाइन, अँटिबायोटिक सुरू केलंय. ताप उतरला तर दाढ काढू. आत्ता शब्द देत नाही."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं आईला. कुठे गेली होती अक्कल?

डॉक्टरबाई खाटेवर वाकल्या. "बाळा, शून्य ते दहात सांग, किती दुखतंय? त्यावर औषध ठरवायचंय."

ढब्बूने डोळे उघडले. ओठ हलले आणि थांबले. तिने कशीबशी मान वळवून आईकडे पाहिलं.

"आई, मला किती दुखतंय?"